सुनंदाला मी बसू दिलं नाही

डॉक्टरने माझ्या सुनेच्या बोटाला चिमटा लावला आणि आकडा बघून तो खुर्चीवरून उठला. तोपर्यंत तो निवांत विचारत होता, नाव काय, गाव कुठलं, कधीपासून त्रास आहे. तो चिमटा रक्तातला ऑक्सिजन मोजतो, खाली गावात धडधाकट माणसाचा आकडा पंचाण्णवच्या पुढे असतो. आकडा आला चोपन्न. त्याने चिमटा काढला, तिचं बोट चोळून गरम केलं आणि पुन्हा लावला. बावन्न.

मग त्याने माझा हात ओढून माझ्या बोटाला तोच चिमटा लावला. शहाऐंशी. मी अडुसष्ट वर्षांची, गुडघे गेलेली. सुनंदा छत्तीस वर्षांची, डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेतातून घरापर्यंत न थांबता येणारी. दवाखान्याच्या त्या पत्र्याच्या खोलीत कोण मरायला टेकलंय ते त्या चिमट्याने सांगितलं. दोन दिवस तिच्या शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. तो मलाच म्हणाला, "अम्मा, इसके फेफड़ों में पानी भर गया है. इसको अभी नीचे ले जाओ. ऊपर नहीं. नीचे."

केदारनाथच्या वाटेवरची ही गोष्ट आहे. देऊळ तिथून फार तर चार किलोमीटर राहिलं होतं.

आजाराचं नाव हाय अल्टिट्यूड पल्मनरी एडिमा. डॉक्टर लोक हेप म्हणतात. हाय अल्टिट्यूड म्हणजे उंच जागा. पल्मनरी म्हणजे फुप्फुसाचं. एडिमा म्हणजे जिथे नको तिथे पाणी साठणं. उंचावर हवा विरळ असते. माणूस घाईने वर गेला की फुप्फुसातल्या बारीक नळ्यांवर दाब येतो आणि त्यांतून पाणी झिरपतं. जिथे हवा भरायची तिथे पाणी भरतं. विहिरीत न पडता माणूस बुडतो. हे मला पुढे रुग्णालयात एका डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी चौथी शिकलेली आहे. मला समजलं, म्हणजे तुम्हालाही समजेल. वर जाण्याआधी समजून घ्या, एवढ्यासाठी लिहिते.

आम्ही उंद्रीचे. घरात मी, मुलगा विलास, सून सुनंदा आणि नऊ वर्षांची नात. आमच्यापैकी कोणी आयुष्यात डोंगर चढलेलं नव्हतं. गावापासून जरा दूरची टेकडी तेवढी माहीत. माझे चुलत दीर भास्कर दरवर्षी एक गाडी भरून यात्रा नेतात. त्यांनी केदारनाथ ठरवलं आणि गावातली चोवीस माणसं तयार झाली. नातीला सुनंदाच्या माहेरी साखरखेर्ड्याला ठेवलं.

निघायच्या आधी घरोघरच्या बायका वाती घेऊन आल्या. आमच्याकडे हे असंच चालतं. ज्याला जाता येत नाही तो जाणाऱ्याजवळ वाती देतो आणि आपल्या नावाने तिथे लावायला सांगतो. शेजारच्या हमीदाबीच्या घरी पिंजणाचं काम चालायचं, आता गाद्या भरतात. तिने धुतलेला, निवडलेला कापूस आणून दिला आणि कितीतरी घरच्या वाती त्याच कापसाच्या वळल्या गेल्या. प्रत्येकीची पुडी वेगळी, वर कागदाची चिठ्ठी, नाव लिहिलेलं. सुनंदाने त्या सगळ्या एका कापडी पिशवीत भरल्या आणि पिशवी आपल्या पाठीवर घेतली. ती म्हणाली, लोकांचा शब्द आहे, दुसऱ्याजवळ देणार नाही.

आणि परत आल्यावर मावंदं. यात्रा करून आलेल्याने गावाला जेवण द्यायचं, लोकांनी त्याच्या पाया पडायचं. मावंद्याची तारीख आधीच ठरली होती, आमंत्रणाच्या चिठ्ठ्या वाटून झाल्या होत्या, आचारी सांगून झाला होता. मृग लागला की माणसं पेरणीला लागतात, मग कोणी जेवायला येत नाही. म्हणून त्याच्या आधीची तारीख हवी होती. ती तारीख मी ठरवली. भास्कर म्हणत होते, वहिनी, चार दिवस पुढे घ्या. मी ऐकलं नाही. भरल्या मांडवात मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

त्या तारखेत बसावं म्हणून भास्करने प्रवासातला एक दिवस काढून टाकला. तो दिवस डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करून शरीराला थंड, विरळ हवेची सवय व्हावी यासाठी होता. त्यांना वाटलं तो आरामाचा दिवस, आणि आराम काय गाडीतही होतो. यात्रेला नाव नोंदवताना तब्येतीचा एक कागद भरायचा असतो. तो त्यांनी सगळ्यांचा एकदम भरून आणला. चोवीस माणसं ठणठणीत. एकाच्याही छातीला कोणी नळी लावली नव्हती.

उंद्रीत ऊन असं होतं की अंगणातली बादली दुपारी हातात धरवत नव्हती. तिथून शेगाव, शेगावहून रेल्वे, मग बस, आणि पाचव्या दिवशी पहाटे आम्ही बर्फाच्या डोंगराखाली उभे. लगेच चढायला लागलो.

आता सुनंदाचं सांगते.

पहिल्या दिवशी दुपारी ती म्हणाली, डोकं दुखतं. मी म्हणाले, उन्हाचं असेल. तिथे ऊन नव्हतंच, धुकं होतं. तिने भाकरी खाल्ली नाही. पाणीही पीत नव्हती. फक्त तीच नव्हे, आमच्यातली एकही बाई पीत नव्हती. कारण सांगते, लाजायचं काही नाही. वाटेवर बायकांना लघवीला जायला जागा शोधावी लागते, आणि जिथे जागा आहे तिथे रांग आणि घाण. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. पुरुष दगडाआड उभे राहून मोकळे होतात आणि बायका ओठ सुकवून देवाला जातात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पाणी न पिण्याने हा आजार होतो असं नाही, पण अशक्तपणा येतो, डोकं दुखतं, आणि मग खरं दुखणं कुठलं ते कळत नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो. एवढ्या बायका त्या वाटेने जातात आणि एकीलाही मोकळेपणी पाणी पिता येत नाही.

दुपारनंतर ती मागे पडायला लागली. थोडं चालायची आणि दगडावर टेकायची. विलास पुढे भास्करबरोबर. मी काठी टेकत तिच्यापुढे. वळून बघावं तर ही बसलेली.

"आत्याबाई, मले थोडं बसू द्या."

"मी म्हातारी चालून राह्यली अन् तू बसून राह्यली का वं? ऊठ."

ती उठली. पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, "नाटकं करायले घर हाये. इथं देवाच्या वाटेवर नको."

त्यानंतर ती बसली नाही.

हे वाक्य मी लिहिणार नव्हते. पण ते वगळलं तर बाकीचं लिहून काय उपयोग.

संध्याकाळी वाटेवरच्या मुक्कामाच्या तंबूत पोचलो. खोकला तिथे सुरू झाला, कोरडा, ठसक्यासारखा. मला वाटलं सर्दी. गावाकडून सुंठ, गूळ, ओवा सगळं बांधून नेलं होतं. तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीने तिची छाती शेकली. तंबूचं दार दोरीने घट्ट बांधलं. तिच्या अंगावर चार रजया घातल्या. ती उठून बसायची. मी तिला खांद्याला धरून आडवी करायची. ती पुन्हा उठून बसायची. मी म्हणायचे, पड, गार लागेल, आणि पुन्हा दाबून निजवायची.

तिच्या छातीत पाणी होतं. आडवं झालं की ते पसरून तिचा श्वास कोंडत होता. बसलं की वरच्या भागात जरा हवा जायची. तिच्या शरीराला ते कळत होतं, म्हणून ते तिला उठवून बसवत होतं. आणि मी, चार मुलं वाढवलेली बाई, तिला दाबून झोपवत होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि वरची वाट बंद झाली. खालची वाट चालू होती. लोक उतरत होते, मी स्वतः बघितले. आम्हाला उतरायचं सुचलंही नाही. दर्शन झाल्याशिवाय मागे फिरायचं असतं हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात नव्हतं. दिवसभर तंबूत बसून भजनं म्हटली. सुनंदा टाळ्या वाजवत होती आणि मध्येच हात थांबत होते. तंबूपासून दहा पावलांवर जाऊन आली तर धाप लागली. विलासने तिला विचारलं, बरं आहे ना. ती हो म्हणाली. तो पत्ते खेळायला गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाट उघडली. तिच्या ओठांचा रंग जांभळाच्या सालीसारखा झाला होता. श्वासाबरोबर आतून आवाज येत होता, पातेल्यात डाळ रटरटते तसा. तिने पदराच्या टोकात काहीतरी थुंकलं आणि पदर मुठीत लपवला. मी मूठ उघडली. फेस होता, गुलाबी.

"दाताचं रक्त असन," ती म्हणाली.

मी ते खरं मानलं आणि चालायला लागले. ते मानायला सोपं होतं.

अर्धा तास गेला असेल. ती उभ्याची खाली बसली, पडली नाही, नुसती पोतं ठेवावं तशी बसली. एका घोडेवाल्याने बघितलं आणि आम्हाला विचारायची वाटही न बघता तिला उचलून त्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे लाल अधिक चिन्हाची पाटी होती. ती पाटी आम्ही दोन दिवसांत तीन ठिकाणी बघितली होती आणि एकदाही आत गेलो नव्हतो.

डॉक्टरने लगेच नाकातोंडावर मास्क बांधून ऑक्सिजन सुरू केला. एक गोळी दिली. ती रक्तदाबाची असते, फुप्फुसातल्या नळ्यांवरचा दाब कमी करते. मनाने कोणी घेऊ नका, तिने सगळाच रक्तदाब खाली येऊ शकतो. हेलिकॉप्टरसाठी त्याने फोन लावला. धुक्यामुळे उडत नव्हतं. तो म्हणाला, खरं औषध एकच, खाली उतरणं. जितकं खाली जाल तितकी ती वाचेल.

तोवर भास्कर आणि विलास मागे वळून आले होते. भास्कर दारात उभे राहिले आणि मला बाजूला घेऊन बोलायला लागले.

"वहिनी, चार किलोमीटर रायले. घोड्यावर बसवू तिले. लांबून कळस दाखवू अन् मंग उतरवू. इतक्या दूर येऊन माघारी नेता का? देवाच्या दारात कोणाले काही होत नाही."

"डॉक्टर काय म्हणला ते आयकलं ना?"

"डॉक्टर तं असेच म्हणतात."

मी विलासकडे बघितलं. तो चाळिशीचा बाप्या, बायकोच्या ओठांकडे न बघता काकाच्या तोंडाकडे बघत होता. मग तो मला म्हणाला, "आई, मावंद्याचं काय सांगू लोकाइले?"

त्याच्या तोंडून हे आलं आणि मला कळलं की हा प्रश्न माझा आहे. मीच तो त्याच्या तोंडात घातलेला आहे. चिठ्ठ्या मी वाटायला लावल्या, तारीख मी काढली, मागे पडू नको म्हणून मी ओरडले. मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिसरी स्वतःच्या.

"सांग, माही बायको जिती हाये म्हणून," मी म्हणाले. "अन् भाऊजी, तुमाले जायचं तं जा. माह्या सुनेले वर न्यायचं नाव काढलं तं मी इथंच बोंब मारीन."

भास्कर बाकीच्यांना घेऊन वर गेले. त्यांना देव भेटला. भेटू दे.

आम्ही तिला डंडीत बसवलं. डंडी म्हणजे दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची, चार माणसं खांद्यावर नेतात. डॉक्टरने मागे उशी लावून ती ताठ बसेल असं बघितलं आणि बजावलं, झोपवायचं नाही, चालवायचं नाही. पायाशी सिलिंडर. त्याने आपला कंपाउंडर बरोबर दिला, चिमटा त्याच्या खिशात. डंडी उचलणारे चौघे नेपाळकडचे होते. वर चढणारी सगळी गर्दी अंगावर येत होती आणि ते ओरडत वाट काढत होते. "मरीज है, हटो." किती माणसं हटली नाहीत ते मी बघितलं. हातात फोन धरून डोंगराचे फोटो काढत उभी होती.

मी काठी टेकत मागून उतरत होते. गुडघ्यांत खिळे ठोकल्यासारखं होत होतं. कंपाउंडर मधूनमधून थांबून चिमटा लावायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. एकसष्ट. चौसष्ट. मग पुन्हा साठ, सिलिंडर बदलला. अडुसष्ट. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतलं. त्या दिवशी तोंडात फक्त आकडे होते. विलास तिचा पाय धरून डंडीबरोबर चालत होता.

पायथ्याशी आकडा चौऱ्याहत्तर झाला. तिने डोळे उघडून पिशवी विचारली. वातींची पिशवी. ती माझ्या खांद्यावर होती. मी म्हणाले, आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाती लागल्या नाहीत म्हणून. मला तेव्हा इतका राग आला की मी तोंड फिरवलं.

रुग्णवाहिकेने खालच्या मोठ्या गावातल्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी तो खिडकीवर धरून दाखवला. फुप्फुस काळं दिसायला हवं, कारण त्यात हवा असते. सुनंदाच्या फुप्फुसात पांढरे ढग होते, पिंजलेल्या कापसाचे पुंजके ठेवावेत तसे. उजव्या बाजूला जास्त.

बाईंनी विचारलं, खोकला किती दिवसांचा. विलास म्हणाला, कालपासून. सुनंदाने मास्कच्या आतून मान हलवली आणि बोटं वर केली. आधी दोन. मग तिसरं.

पहिला दिवस अतिदक्षता विभागात गेला, त्याला आयसीयू म्हणतात. आत एकालाच जाऊ देत आणि तेही थोडा वेळ. बाहेर लोखंडी बाक. त्यावर बसून मी कोण आत जातं, कोण बाहेर येतं, आणि येणाऱ्याचं तोंड कसं आहे ते बघत होते. रुग्णालयातलं वाट बघणं म्हणजे दुसऱ्यांची तोंडं वाचणं. समोर एक बाई बसली होती, गुजरातकडची. तिच्या नवऱ्याला तोच आजार, रोज पळायला जाणारा माणूस. त्याला घोड्यावरून वर नेलं होतं. दुपारी तिचं तोंड वाचायची गरज उरली नाही.

तेव्हा मला कळलं, घोड्यावर बसवून कळस दाखवणं म्हणजे काय झालं असतं.

मी सुनंदाच्या आईला साखरखेर्ड्याला फोन केला. विलास म्हणाला, आत्ता नको सांगू. मी सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या भरवशावर धाडली होती. तुमी मोठ्या होत्या ना संगं." मी म्हणाले, हो, होते. त्यांना आणखी बोलायचं होतं, पण शेजारी नात होती म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आकडा ऑक्सिजनवर नव्वद. हृदयाला जन्मापासून छिद्र वगैरे असलं तर हा आजार सहज होतो, म्हणून टू-डी इको नावाची तपासणी केली. छातीवर चिकट मलम लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर हृदय हलताना दिसतं. दुखत नाही. छिद्र नव्हतं. हृदय चांगलं होतं. मी बाईंना विचारलं, मग हिलाच का झालं, मला का नाही. त्या म्हणाल्या, कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही. धडधाकट माणसालाही होतो, उलट तो जोरात चढतो. पण सावकाश चढला, मध्ये मुक्काम केला, आणि पहिल्या लक्षणाला थांबला, तर बहुतेक वेळा टळतो.

मध्ये मुक्काम केला तर. तो दिवस मावंद्याने खाल्ला होता.

तिसऱ्या दिवशी तिला साध्या खाटेवर आणलं. नाकात बारीक नळी, उशाला दोन उशा, बसलेली. मी तिला पेज भरवत होते. मी कधी कोणाला पेज भरवली नव्हती, माझ्या मुलांनाही सासूच भरवायची. दोन घोट झाल्यावर मी विचारलं, "खोकला होता तं सांगतलं काऊन नाही?"

ती चमच्याकडे बघत होती. "सांगतलं असतं तं तुमी म्हणाल्या असत्या नाटकं करते."

"हाव. म्हणले असते."

ती हसली आणि हसताना खोकली. खोकल्यात आता फेस नव्हता. मी पुढचा चमचा तोंडाशी नेला. माफ कर वगैरे मी म्हणाले नाही. आमच्यात ते शब्द नाहीत आणि आणूनही उपयोग नव्हता. पण ती बसली होती आणि मी तिला आडवी करत नव्हते, ते तिला दिसत होतं.

पाचव्या दिवशी सोडलं. बाईंनी सांगितलं, काही आठवडे जड काम नाही, थकवा राहील. पुन्हा उंच जागी जायचं तर आधी डॉक्टरला दाखवून, आणि सावकाश.

आम्ही गावी आलो तेव्हा मावंद्याला दोन दिवस होते. भास्कर पुढची ठरलेली देवळं करून आधीच परत आले होते. लोक म्हणाले, पुढे ढकला. मी म्हणाले, आचारी सांगितलेला आहे, माणसं जेवू द्या. मांडव पडला. यात्रेकरूंना पाटावर बसवून पाय धुवायचे तेव्हा एका बाईने हळूच विचारलं, सुनंदाला बसवायचं का, तिचं दर्शन तर झालं नाही. दुसरी म्हणाली, अर्ध्या वाटेतून आली म्हणजे यात्रा लागत नाही. सुनंदा दाराशी होती. तिने ऐकलं आणि आत वळली.

मी पाटावरून उठले. मांडवात मी आधी कधी बोललेले नव्हते. मी सांगितलं, माझंही दर्शन झालं नाही. माझ्या मुलाचंही नाही. ज्यांना पाय धुवायचे आहेत त्यांनी भास्कररावांचे धुवावेत. मग मी पिशवी उघडली, एकेक चिठ्ठी वाचली आणि ज्याच्या त्याच्या हातात वाती परत दिल्या. कमळाबाई म्हणाल्या, "अवं, परत आनतात का कोणी? तिथंच सोडून यायच्या." मी म्हणाले, "वाती सोडून आलो नाही अन् सून सोडून आलो नाही. घरी लावा."

पुडी देताना प्रत्येकीला मी तेच सांगितलं. वर गेल्यावर डोकं दुखलं, भूक गेली, तर तिथेच थांबा, आणखी वर जाऊ नका. खोकला आला आणि नुसतं बसल्या जागी धाप लागली, की खाली. दर्शन राहिलं तरी खाली. ओठ निळे झाले, थुंकीत फेस आला, तर क्षणाचीही वाट बघू नका. माणूस बसतो म्हणाला तर बसू द्या. कोणी ऐकलं, कोणी जेवणाकडे बघत होतं. भास्कर हार घालून बसले होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. पुढच्या वर्षी ते पुन्हा गाडी नेणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, पायथ्याचा मुक्काम ठेवला नाही तर गाडी निघताना मी आडवी पडेन. माझं वजन बरंच आहे.

हमीदाबी जेवण झाल्यावर मागे थांबली. तिचा जावई लडाखकडे रस्त्याच्या कामावर गेलाय. "भाभी, हे सारं मले फोनवर सांगता नाही येत. लिहून द्या." म्हणून लिहायला घेतलं. तिला एक पान दिलं, बाकीचं इथे लिहिलं.

त्या तरुण डॉक्टरचं, त्या घोडेवाल्याचं, डंडीच्या चौघांचं ऋण माझ्यावर आहे. चौघांपैकी एकाचंच नाव कळलं, वीरबहादूर. बाकीच्या तिघांचं विचारायचं मला सुचलं नाही. याचाही राग येतो.

परवा सुनंदा गच्चीवर मिरच्या वाळत घालायला जिना चढत होती. टोपली हलकी होती, मी बघून दिली होती. पाचव्या पायरीवर ती थांबली आणि कठड्याला धरून तिने माझ्याकडे बघितलं.

"बस," मी म्हणाले.

ती पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर बसले. मिरच्या उन्हात घालायच्या होत्या. ऊन कुठे पळून चाललं नव्हतं.